पोचा

तांब्या मी फेकला, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे लिहीन त्यात मी शहाणी वाटण्याची शक्यता आहे, म्हणून.

मे महिना, रात्रीचे पावणेदोन आणि पाण्याचा दिवस. पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. चार दिवसांनी येणार की पाच, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवता येतं. किती वाजता, ते मात्र गल्लीच्या कोपऱ्यावरच्या काकूंनाच कळतं. त्यांच्या नळाला आधी हवा येते, फुसफुस होते, मग त्या ‘आलं गं’ म्हणून हाळी देतात आणि अर्ध्या मिनिटात गल्लीभर दिवे लागतात. मी उठले, नळाला पाइप लावला, दुसरं टोक हौदात सोडलं. तोटीवर पाइप घट्ट बसावा म्हणून आम्ही सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो. त्या पट्टीनं उन्हाळाभर ऊन खाल्लं होतं. पाण्याला जोर आला तशी ती तटकन तुटली आणि पाइप निसटला. पुन्हा बांधली, पुन्हा निसटला. तिकडं वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर हवा धरून नुसती घूं घूं करत होती. तांब्याभर पाणी पाजल्याशिवाय ती उचलत नाही. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पाइप, गाऊन गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि चार दिवसांचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत गटारीकडं निघालेलं. तिसऱ्यांदा पाइप निसटला तेव्हा मी तांब्या कंपाउंडच्या भिंतीवर हाणला.

खरं सांगायचं तर दोन सेकंद फार बरं वाटलं. स्टीलचा तांब्या रात्रीच्या शांततेत भिंतीवर आपटून फरशीवर तीनदा उडतो तेव्हा जो आवाज होतो, त्यात माणसाला स्वतःचा मोठेपणा वाटतो. मग कुत्री भुंकायला लागली. समोरच्यांच्या खिडकीचा पडदा हलला. आत नवरा जागा झाला होता हे मला त्याचं घोरणं एकदम थांबलं त्यावरून कळलं, पण तो बाहेर आला नाही, आणि या बाबतीत मी त्याला दोष देणार नाही. ओसरीवर कॉटवर आई झोपली होती. गेले दोन महिने ती आमच्याकडं आहे. ती उठलीही नाही. कूस बदलून म्हणाली, “पाणी हाय तवर भरून घे.”

मी भरून घेतलं. पट्टीऐवजी ओढणी बांधली.

सकाळी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर तांब्या मांडणीवर त्याच्या जागी होता. धुऊन, पुसून. पोटाला पडलेला पोचा चांगला लिंबाएवढा होता, मला रात्री दिसला होता, पण आता समोरून बघितलं तर तांब्या अगदी गुळगुळीत, दुकानातून आणल्यासारखा. पोचा भिंतीकडं केलेला होता. त्याच्याकडं बघत मी उभी राहिले आणि चहा उतू गेला.

तर हा सगळा वैताग पाइपाचा नव्हता. पाइप बिचारा शेवटी आला. सुरुवात आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला झाली होती, एका सेवा केंद्रात. आईला विडी कामगारांची पेन्शन मिळते, हजाराच्या वर थोडे रुपये. तेवढ्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. वर्षभरात कधीही दिला तरी चालतो, पण दिला त्या दिवसापासून वर्षच. आमचं वर्ष मे महिन्यात संपतं, म्हणजे अगदी त्रेचाळीस अंशांत. आता कागदावर सही नाही, यंत्रावर अंगठा. पेटीएवढं छोटं यंत्र, त्यात लाल उजेड. आईनं पदरानं अंगठा पुसला आणि ठेवला. यंत्रावरचा पोरगा म्हणाला, “आज्जी, जरा दाबून.” दाबून ठेवला. “परत.” परत. “आता दुसरं बोट बघू.” तर्जनी, मधलं, मग डावा हात. त्यानं ओल्या फडक्यानं बोटं पुसून दिली. मग म्हणाला, कपाळावर घासा, थोडं तेलकट होतं. आई सत्तरीतली बाई, भर गर्दीत एकेक बोट कपाळाला लावून यंत्राला दाखवत होती, आणि दर वेळी पडद्यावर तेच, जुळत नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी “आटपा की ओ” म्हणालं. दहाही बोटं झाल्यावर पोरानं वर बघून विचारलं, “आज्जी, विड्या वळत होता काय?”

आई खुलली. म्हणाली, “वीस वर्षं.”

“मग नाही लागणार. रोज दोघीतिघी येतात.”

तो चांगला पोरगा होता, हीच अडचण होती. त्यानं खेकसलं असतं, वर पैसे मागितले असते, तर मला काहीतरी करता आलं असतं. भांडले असते, साहेब कुठं आहे विचारलं असतं. पण पोरगा गोड, यंत्र नवं, नियम सरळ आणि आईचा अंगठा समोर, पांढुरका, चकचकीत, घासून घासून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखा. मी जवळ घेऊन बघितला. रेषा म्हणून नव्हतीच. जिवंत असलेली बाई जिवंत आहे हे सांगायला तिच्याकडं दहा बोटं होती आणि एकही चालेना. राग यायला समोर माणूस लागतो. इथं माणूसच नव्हता. नुसती वाट अडली होती आणि मी तिच्यापुढं हातात पिशवी घेऊन उभी. त्यात आई म्हणाली, “असू दे, पुन्हा येऊ.” तिच्या या ‘असू दे’नं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला रिक्षात एकदा, घरी आल्यावर दोनदा टाकून बोलले. कशावरून, ते आठवत नाही. चपला कुठं काढल्या यावरून असेल.

‘असू दे’ म्हणणारी ही बाई आधीपासून अशी नव्हती. म्हणूनच पोच्याचं मनात राहिलं.

आम्ही साखर पेठेत चाळीत राहायचो. दहा बाय बाराची खोली, मागं मोरी, आणि मोरीच्या वर भिंतीत ठोकलेली लाकडी फळी. त्या फळीवर आईची भांडी एका ओळीत, पितळी डबे, दोन घागरी, कल्हईचं पातेलं, लोटे. रांगोळीच्या ठिपक्यांसारखी मापात. दिवाळीच्या आधी ती सगळी खाली यायची, चिंच आणि राखेनं घासायला. मी तेव्हा सहावीत असेन. घागर मांडीत घेऊन घासताना बोटाला खड्डा लागला. मग पातेल्याला लागला. मग एकेक भांडं फिरवून बघितलं तर जवळपास सगळ्यांना मागच्या बाजूला पोचे. समोरून बघितलं तर संसार कसा लख्ख, आणि मागून सगळा ठोकलेला. मी आईला विचारलं, हे कशानं गं? ती म्हणाली, “पडली असतील.” घागर मोरीत पडते हे कळतं. डबा फळीवरून पडेल. पण पळी? पळीचा दांडा मधोमध वाकलेला होता.

कशानं, ते मला आधीच माहीत होतं. मुलांना माहीत असतं. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली. आपल्याकडच्या गिरण्या कशा बंद पडल्या हे मी लिहायचं कारण नाही, ज्यांच्या घरात ते झालं त्यांना वेगळं सांगायला नको. आधी ‘थोड्या दिवसांसाठी’, मग तारखा, मग मोर्चे, मग नुसती गप्पा मारायला गेटवर जमणारी माणसं. बाबा पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचेच. भोंगा बंद झाला होता तरी त्यांच्या अंगात तो वाजत असावा. दाढी करायचे, डबा मात्र न घेता बाहेर पडायचे, गेटपर्यंत चालत जायचे आणि दहाच्या सुमाराला परत यायचे. मला मैत्रिणींसमोर त्याची लाज वाटायची. ती लाज वाटली याची आता वाटते. बाबांनी कधी भांडं आपटलं नाही, आवाज चढवला नाही. ते फक्त गोष्टी सरळ करत बसायचे. वर्तमानपत्राच्या घड्या, चपलांची ओळ, सुतळीचा गुंता. साच्यावर तुटलेला धागा क्षणात गाठ मारून चालू करणारी त्यांची बोटं दिवसभर सुतळीचा गुंता सोडवत बसलेली, हे आईला बघवायचं नाही.

आईनं शेजारच्या अक्कांकडून विड्या वळायला शिकून घेतलं. अक्कांचं घर तेलुगू, आमचं मराठी, आणि मधल्या भिंतीतून जी भाषा चालायची तिला नाव नाही. अक्कांचे हात सूप मांडीवर घेतलं की डोळे मिटूनही चालायचे. पान रात्री भिजत घालायचं, सकाळी फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं. चिमटीभर तंबाखू पसरायची, अंगठ्यानं वळत न्यायचं, तोंड नखानं दुमडून बंद करायचं आणि दोऱ्याचे दोन वेढे. हे हजार वेळा. आई पहिल्या महिन्यात चारशेवर अडायची, आणि त्या चारशेतल्याही काही कारखान्यात चेकर बाजूला फेकायचा. तो विडी दोन बोटांत धरून दाबायचा, म्हणायचा ढिली आहे, आणि टाकून द्यायचा. त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. त्याच्याशी बोलायची सोय नव्हती, कारण उद्याची पानं तोच देणार. वाळकी, फाटकी पानं दिली की हजाराची सातशेच निघतात आणि उरलेली पदरची भरावी लागतात. म्हणून आई तिथं हसायची. मी तिच्याबरोबर जायचे, तिचं ते हसणं मी बघितलेलं आहे. पानांची पिशवी काखेला मारून ती गप घरी यायची, पदर खोचायची, आणि मग मोरीतून आवाज यायचा.

एक पोचा मला तारखेसकट माहीत असल्यासारखा आहे, जरी तारीख आठवत नाही. बाबांनी मदत म्हणून शंभरेक विड्या वळल्या होत्या. फार सुबक, एकसारख्या, घट्ट. जरा जास्तच घट्ट. चेकरनं त्यातल्या निम्म्या काढल्या, म्हणाला, ओढली जात नाही. आई घरी आली तेव्हा बाबा दारात उभे होते, शाळेच्या पोरासारखे, निकाल काय लागला या चेहऱ्यानं. आईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही. मोरीत गेली, घागर उचलली आणि दगडावर घातली. एकदाच. मग बाहेर येऊन भाकरीचं पीठ काढलं. त्या दिवशीच्या भाकऱ्या कडक झाल्या नव्हत्या, थापतानाच फाटल्या होत्या. आम्ही मुकाट शेंगाचटणीशी खाल्ल्या. नंतर बाबा मोरीत गेले, आणि बराच वेळ आत होते.

माझी मुलगी बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन बसली आहे. तांब्याची हकिगत तिनं सकाळी खिडकीतून समोरच्यांकडूनच ऐकली. मला म्हणाली, “आई, हे टिपिकल डिस्प्लेसमेंट आहे.” मी म्हटलं, “वड्याचं तेल वांग्यावर. झालं तुझं?” ती हसली, पण मग तिनं वही काढली आणि मला बसवूनच ठेवलं. आणि मला कबूल केलं पाहिजे की मला ते ऐकावंसं वाटलं. १९३९ साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या पाच जणांनी असं मांडलं की माणूस कशाच्या तरी मागं निघालेला असतो, मध्ये कुणी अडवतं, आणि त्या अडण्यातून नेहमी आक्रमकपणा निघतो. अडवणाऱ्यावर काढता आला नाही तर जो हाताशी असेल त्याच्यावर. आमच्या वांग्याचा यांनी सिद्धांत केला एवढंच. पण दोनच वर्षांत त्यांच्यातल्याच एकानं दुरुस्ती केली की तसं नेहमी होत नाही, अडलेला माणूस इतरही पुष्कळ गोष्टी करतो. हे मला जास्त पटलं. मी तांब्या फेकला, बाबांनी सुतळी सोडवली, नवऱ्यानं घोरणं थांबवलं.

तिच्या वहीत मुलांचाही एक प्रयोग होता, १९४१चा. लहान पोरांना साध्या खेळण्यांशी खेळू दिलं, मग मधला पडदा काढून पलीकडची फार सुंदर खेळणी दाखवली, थोडा वेळ त्यांच्याशी खेळू दिलं, आणि मग मध्ये जाळी लावून टाकली. दिसतंय, पण हात पोचत नाही. पोरं परत जुन्या खेळण्यांकडं आली, पण आता त्यांना खेळताच येईना. मघाशी ज्याच्याशी गोष्ट रचून खेळत होती ते नुसतं आपटायला लागली. कुणी जाळीशी उभी, कुणी दाराकडं. हिशेब केला तर पोरांचा खेळ सरासरी जवळजवळ दीड वर्षानं मागं गेला होता. हे मुलगी वाचत होती आणि मला आमची फळी दिसत होती, पलीकडं गेटच्या जाळीशी उभे बाबाही दिसत होते. दीड वर्षच? मी त्या रात्री अंगणात निदान चाळीस वर्षं मागं गेले होते.

आणखी एक आहे, त्याचा मला रागच आला. एका मानसशास्त्रज्ञानं चोवीस चित्रं काढून ठेवली. पहिल्याच चित्रात गाडीनं डबक्यातलं पाणी एका पादचाऱ्यावर उडवलेलं, गाडीवाला माफी मागतोय, आणि पादचाऱ्याच्या तोंडापुढचा फुगा रिकामा. तुम्ही भरायचा. मी म्हटलं, यात कसली परीक्षा, आपल्याकडं एकच उत्तर, “काय बे, डोळे हायत का?” तर म्हणे माणसं तीन तऱ्हेची, दुसऱ्यावर काढणारी, स्वतःवर काढणारी, आणि कुणाचीच चूक नाही म्हणून सोडून देणारी. मुलगी लगेच वाटपाला बसली, तू पहिल्यात, आजोबा दुसऱ्यात, आजी तिसऱ्यात. मला ते खाने आवडले नाहीत. आजीच्या घागरी तिनं बघितलेल्या नाहीत. आणि बाबा स्वतःवर काढत होते हे त्यांना कुणी विचारलं होतं? माणूस पाण्याच्या दिवशी एका खान्यात असतो आणि पगाराच्या दिवशी दुसऱ्या.

मात्र एका गोष्टीत वहीनं मला गप्प केलं. २००२ सालचा एक अभ्यास, सहाशे विद्यार्थ्यांचा. त्यांचे निबंध ‘याहून वाईट वाचलेला नाही’ अशा थाटाचा शेरा मारून परत केले, म्हणजे आधी चांगली पेटवली. मग काहींना गुद्दे मारायची पिशवी दिली आणि सांगितलं, तो शेरा मारणारा डोळ्यांपुढं आणा आणि हाणा. काहींना सांगितलं, व्यायाम म्हणून हाणा. काहींना काहीच नाही, दोन मिनिटं नुसतं बसवलं. सगळ्यांत जास्त धुमसत राहिले ते पहिले, आणि सगळ्यांत निवले ते नुसते बसलेले. मोकळं होऊन जा, आत ठेवू नको, असं आपण एकमेकींना सांगत असतो. मी तरी ऑफिसात सगळ्यांना तेच सांगते. पण त्या रात्रीचे ते दोन सेकंद संपल्यावर मला निवल्यासारखं वाटलं नव्हतं. मला दुसरं काहीतरी फेकायला हवं होतं. हाताशी बादली असती तर गेली असती.

मुलगी म्हणते, फ्रस्ट्रेशनला मराठीत शब्द सांग. वैफल्य हा शब्द मी आयुष्यात बोलताना वापरलेला नाही, तो अग्रलेखात असतो. आपल्याकडं वैताग आहे, त्रागा आहे, चडफड, धुसफूस, आदळआपट, कोंडमारा. एका शब्दात मावत नाही म्हणून इतके असतील. नीट ऐकलं तर यातल्या निम्म्यांना आवाज आहे, आणि तो स्वयंपाकघरातून येतो. धुसफूस म्हणजे ओल्या लाकडाची चूल. आदळआपट तर सरळ मोरीतलीच. पुरुषांच्या वैतागाला शब्द कमी दिसतात. ते बाहेर जातात, एवढंच. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, घरात काही झालं की रात्री अकरा वाजता मोटारसायकल पुसायला घेतात. ती गाडी आमच्या पूर्ण जुळे सोलापूर भागात सगळ्यांत चकचकीत असेल. त्यांची बायको फार बोलत नाही, आणि आम्ही सगळ्या गाडीवरून अंदाज बांधतो.

आईचा आवाज केव्हा बंद झाला ते मी आठवत राहिले. बाबा गेल्यानंतर असं आधी वाटलं, पण नाही. त्याच्या बऱ्याच आधी. हाताला वेग आला तसा. दिवसाला हजार व्हायला लागल्या, तेव्हा चेकरनं काही फेकल्या तरी ती त्याच्या समोरच नव्या मोजून द्यायची, जास्तीच्या नेहमी पदरात असायच्या. ती शांत झाली असं म्हणवत नाही. बोटांवरच्या रेषा जाता जाता आणखी काहीतरी घेऊन गेल्या, असं मी एकदा डायरीत लिहिलं आणि खोडलं. तिला दाखवलं असतं तर म्हणाली असती, रेषा गेल्या त्या गेल्या, तू कशाला रडतेस. पण त्या केंद्रातला तिचा चेहरा, एकेक बोट कपाळाला लावणारा, तो मी पूर्वीही बघितला होता. कारखान्यात हसायची तोच तो. फक्त त्या वेळी घरी येऊन घागर होती.

म्हणजे या वेळी तिची घागर मी आपटली काय, असा विचार आला. आला तसा मी तो बाजूला सारला. फार सोयीचा होता.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. पोरानं ओळखलं. म्हणाला, आज अंगठा नको, तोंडावरून करू. मोबाइल आईसमोर धरला. पडद्यावर गोल, त्यात आईचं तोंड, पदर नीट केलेला. “आज्जी, आता डोळे मिचकावा.” आईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग एक डोळा मिचकावला. नीट, ठसक्यात, बाजारातल्या पोरासारखा. रांगेतला प्रत्येक माणूस हसला. पोरगा म्हणाला, “दोन्ही, आज्जी, दोन्ही!” आणि आईही हसायला लागली, त्यामुळं मोबाइलला ती ओळखू येईना. दोनदा फसलं. मी मात्र त्या दिवशी चिडले नाही, का ते सांगता येणार नाही. तिसऱ्यांदा गोल हिरवा झाला. “झालं. आज्जी जिवंत हायत,” पोरानं सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं.

परत येताना रिक्षा सात रस्त्याला अडकली. पुढं बस आडवी, सगळे हॉर्न एकदम, गरम वारा तोंडावर. रिक्षावाल्यानं गाडी बंद केली आणि तंबाखूची पुडी काढली. मला तीच वेळ बरी वाटली. मी विचारलं, “आई, तो तांब्या तू भिंतीकडं तोंड करून ठेवलास ना?”

“कुठला?”

“पोचा पडलेला. आपल्या साखर पेठेतल्या फळीवर पण तू तशीच भांडी लावायचीस.”

“मी नाही. तुझे बाबा लावायचे.” जरा थांबून म्हणाली, “मी आपटलं की ते जाऊन उचलायचे, पुसून जागेवर ठेवायचे. पोचा भिंतीकडं. फळी वीतभर होती की आपली. पोचा भिंतीला बसला की भांडं हलत नाही.”

“मला वाटलं, लपवायला.”

आई माझ्याकडं बघून हसली. “कुणापासून लपवायचं? आवाज आख्ख्या चाळीनं ऐकलेला असायचा.”

बस हलली. रिक्षावाल्यानं हात झटकून किक मारली. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि आतूनच म्हणाली, “उतरल्यावर सायकलवाल्याकडनं ट्यूबची पट्टी घे. आज पाणी हाय.”